पाचगणीचा फरोख आणि पाच मिनिटं पंचावन्न सेकंद

गाणं ऐकणं वेगळं आणि गाण्याचा अभ्यास करणं वेगळं. सबमिशनच्या आदल्या रात्री शीट्स पूर्ण करताना आपल्या सगळ्यांच्या कानात काहीतरी वाजत असतंच. पण ते कसं बनलं असेल, हा विचार आपण सहसा करत नाही. कॉलेजच्या चार वर्षांत आपण गिअरबॉक्स उघडून बघतो, अॅम्प्लिफायरचं सर्किट उलगडतो, दुसऱ्याने लिहिलेला कोड ओळ न् ओळ वाचतो. मग एखादं गाणंही असंच उघडून बघायला काय हरकत आहे? या लेखात तेच करायचं आहे. गाणं आहे 'क्वीन' या ब्रिटिश बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी', साल १९७५, लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद.

हेच गाणं का? कारणं तीन. पहिलं म्हणजे ते मला फार आवडतं. (जर्नलमध्ये असं कारण लिहिता येत नाही, पण खरं कारण तेच!) दुसरं, ते लिहिणारा आणि गाणारा माणूस आपल्या खराडीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या पाचगणीत वाढला, आणि तोही हॉस्टेलमध्ये. तिसरं, ज्या चौघांनी हे गाणं उभं केलं त्यांच्यातले तिघे सायन्सचे विद्यार्थी होते. त्यामुळे या गाण्यातल्या अर्ध्या गमती संगीताच्या आहेत आणि अर्ध्या चक्क इंजिनिअरिंगच्या.

पाचगणीचा हॉस्टेलर

५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात फरोख बलसारा जन्मला. घराण्याची मुळं गुजरातमधली. वडील बोमी बलसारा झांझिबारला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आठ वर्षांच्या फरोखला त्यांनी बोटीने भारतात धाडलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं. आई-बाबा समुद्रापलीकडे, मावशी-आत्या मुंबईत, आणि आपण सह्याद्रीच्या डोंगरावर. आपल्यापैकी जे अकरावीपासून हॉस्टेलला आहेत त्यांना होमसिक होणं म्हणजे काय ते माहीत आहे. हा मुलगा तर तिसरी-चौथीतला.

पुढे आलेल्या दातांवरून पोरांनी त्याचं नाव 'बकी' ठेवलं होतं, असं त्याचे शाळासोबती सांगतात. हॉस्टेलमध्ये नाव पडलं की ते जात नाही, हे मी वेगळं सांगायला नको. पण त्याच शाळेत तो पियानो शिकला, कॉयरमध्ये गायला, नाटकात उभा राहिला. १९५८ च्या सुमारास पाच मित्रांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे पुढे ज्याच्या आवाजावर जग फिदा झालं तो फरोख या बँडचा मुख्य गायक नव्हता! तो पियानो वाजवायचा. हेक्टिक्समधल्या मुलांचं पुढचं आयुष्यही बघण्यासारखं आहे. एक नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला, एक इंग्लंडमध्ये नट झाला आणि एकाने आपल्या पुण्यातच सिझलर्सचं हॉटेल चालवलं.

१९६३ च्या सुमारास फरोख झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला जीव वाचवून इंग्लंडला यावं लागलं. लंडनजवळ फेल्टम इथे ते राहिले. फरोखने ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा केला आणि १९७० मध्ये क्वीन स्थापन झाल्यावर स्वतःचं नाव ठेवलं फ्रेडी मर्क्युरी.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. 'पाचगणीच्या हवेमुळेच हे गाणं झालं' असं छाती फुगवून सांगण्याचा मोह आपल्याला होतो. पण तसा काही पुरावा नाही, आणि फ्रेडी स्वतः मुलाखतींत या दिवसांबद्दल फारसं बोलत नसे. एवढंच म्हणता येईल की पियानोवर बसण्याची सवय, अनेकांच्या आवाजात आपला आवाज मिसळण्याची सवय आणि प्रेक्षकांसमोर उभं राहण्याची सवय, या तिन्ही गोष्टी त्याला शाळेच्या त्या वर्षांत लागल्या. गाण्यात या तिन्ही ऐकू येतात.

बाकीचे तिघे

ब्रायन मे हा गिटारवाला, लंडनच्या इंपीरियल कॉलेजचा फिजिक्सचा विद्यार्थी. त्याची 'रेड स्पेशल' ही गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच बनवली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. १९६३ मध्ये काम सुरू झालं आणि दोनेक वर्षं चाललं. गिटारच्या मानेसाठी एका जुन्या फायरप्लेसचं महोगनी लाकूड, तारांचा ताण सांभाळायला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, पट्टीवरच्या खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं! प्रत्येक पिकअपला चालू-बंदचा वेगळा स्विच आणि फेज उलटा करायचा वेगळा स्विच. दोन पिकअप उलट फेजमध्ये जोडले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खोडतात आणि आवाज एकदम बदलतो. सिग्नल्सच्या पेपरात जे सुपरपोझिशन आपण रडत रडत शिकतो, ते या मुलाने शाळेत असतानाच लाकडात बसवलं होतं.

ब्रायनने इंपीरियलच्या नोटीस बोर्डावर 'ड्रमर पाहिजे' अशी चिठ्ठी लावली. त्यातून त्याला रॉजर टेलर भेटला. हा दंतवैद्यकीचा विद्यार्थी, नंतर बायॉलॉजीकडे वळला. सर्वात शेवटी, १९७१ मध्ये, आला बास गिटारवाला जॉन डीकन. त्याच वर्षी त्याने लंडनच्या चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री फर्स्ट क्लासमध्ये मिळवली. म्हणजे आपल्या ईअँडटीसीवाल्यांचा माणूस! हा डीकन एकदा रस्त्याने जात असताना त्याला कचऱ्याच्या ढिगात एक टाकून दिलेला सर्किट बोर्ड दिसला. तो त्याने घरी आणला, एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर बनवला. त्याला ना व्हॉल्यूमचं बटण ना टोनचं. तरीही त्याचा आवाज इतका गोड निघाला की ब्रायनने तो वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला वापरला. 'बोहेमियन रॅप्सडी' ज्या अल्बममध्ये आहे त्याच अल्बमच्या 'गुड कंपनी' या गाण्यात एक अख्खा जाझ बँड वाजतोय असं वाटतं. तो बँड म्हणजे ब्रायनची गिटार आणि हा कचऱ्यातला अॅम्प्लिफायर.

गाण्याचा नकाशा

आता गाण्याकडे येऊ. 'रॅप्सडी' म्हणजे पाश्चात्य संगीतातला एक मोकळाढाकळा प्रकार, ज्यात वेगवेगळ्या भावांचे तुकडे एकामागून एक येतात. 'बोहेमियन' म्हणजे कलंदर. थोडक्यात, कलंदराची भटकंती.

आपल्या हिंदी-मराठी सिनेमातल्या गाण्याला मुखडा असतो, अंतरा असतो, आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर मुखडा परत येतो. इंग्रजी पॉपमध्येही तसंच असतं, तिथे मुखड्याला कोरस म्हणतात. या गाण्यात कोरस नाहीच. एकदा मागे टाकलेली वळणं जवळजवळ परत येत नाहीत. घड्याळ लावून बघितलं तर साधारण असे सहा भाग पडतात:

१) ०:०० ते ०:४९. सुरुवात. आधी वाद्यं नाहीत, नुसते आवाज. मग पियानो हळूच येतो.
२) ०:४९ ते २:३६. पियानोवरचं संथ गाणं. एक मुलगा आईला सांगतोय की आपल्या हातून खून झाला.
३) २:३६ ते ३:०३. गिटारचा सोलो.
४) ३:०३ ते ४:०७. ऑपेराचा भाग.
५) ४:०७ ते ४:५४. जोरदार रॉक.
६) ४:५४ ते ५:५५. सगळं शांत होत जातं आणि शेवटी घंटेसारखा एकच ठोका.

ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा चुलतभाऊ, फक्त त्यात संवादसुद्धा गातात. या मिनिटभराच्या भागात गॅलिलिओ हा शास्त्रज्ञ येतो, इटालियन नाटकातला एक विदूषक येतो, 'बिस्मिल्ला' हा शब्द येतो. एका मुलाच्या जिवासाठी दोन पक्ष भांडतायत असं ते चित्र आहे. एक पक्ष म्हणतो सोडा, दुसरा म्हणतो नाही सोडणार. या सगळ्याचा अर्थ काय, ते फ्रेडीने शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. मला विचाराल तर ते बरंच झालं.

लय कशी बदलते तेही बघा. संथ भागाची लय मिनिटाला सत्तरच्या आसपास आहे. ऑपेराच्या भागात ती जवळपास दुप्पट होते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना विलंबित खयालानंतर द्रुत येण्याची सवय असते. इथे फरक असा की द्रुतनंतर पुन्हा विलंबित येतं, जणू दमलेला माणूस खाली बसतो.

अजून एक गोष्ट हार्मोनियमवर वाजवून बघण्यासारखी आहे. सुरुवातीचा भाग बी-फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे बी-फ्लॅटला सा धरा. गाणं संपतं ते एफवर. बी-फ्लॅट सा असेल तर एफ म्हणजे पंचम. म्हणजे हे गाणं सावरून निघतं आणि पवर येऊन थांबतं. घरी परत येतच नाही! शेवट ऐकताना जी एक हुरहुर वाटते, तिचं निदान थोडं कारण तरी हे असावं.

चोवीस खुंट्या

२४ ऑगस्ट १९७५ ला वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत या गाण्याचं रेकॉर्डिंग सुरू झालं. निर्माता होता रॉय थॉमस बेकर. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. होती ती दोन इंच रुंदीची मॅग्नेटिक टेप, आणि तिच्यावर शेजारी शेजारी २४ ट्रॅक. म्हणजे २४ वेगवेगळे आवाज एकाच वेळी साठवता येणार, पंचविसावा नाही.

आपल्या हॉस्टेलच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला २४ खुंट्या आहेत अशी कल्पना करा. ड्रमला काही, बासला एक, पियानोला एक-दोन, गिटारला काही खुंट्या लागल्या. उरलेल्यांवर आवाज. पण फ्रेडीला तर अख्खा ऑपेराचा जमाव हवा होता आणि गायक होते तिघेच. जाड, खालचा आवाज ब्रायनचा, मधला फ्रेडीचा, वरचा रॉजरचा. (डीकन गात नसे.) रॉजर ऑपेराच्या शेवटी जो टिपेचा स्वर लावतो, तो वरचा बी-फ्लॅट आहे, म्हणजे सुमारे ९३२ हर्ट्झ. दंतवैद्याच्या ड्रिलपेक्षा नक्कीच गोड.

मग जमाव कसा उभा केला? समजा एक स्वर तिघांनी मिळून तीनदा गायला, तर झाले नऊ आवाज. असे तीन वेगळे स्वर एकावर एक रचले, तर सत्तावीस आवाज. खुंट्या भरल्या. आता काय करायचं? तर त्या सगळ्या खुंट्यांवरचे कपडे काढायचे, एक गाठोडं बांधायचं आणि ते एकाच खुंटीला टांगायचं. म्हणजे बरेच ट्रॅक एकत्र मिसळून ते एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं. स्टुडिओत याला 'बाउन्स' करणं म्हणतात. या गाण्यात असे एकावर एक चढवलेले थर १८० पर्यंत गेले. नुसत्या ऑपेराच्या भागाला तीन आठवडे लागले, आणि गायक दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास गात होते. सुरुवातीला बेकरने या भागासाठी टेपवर अवघी तीसेक सेकंदं मोकळी सोडली होती. फ्रेडी रोज नवीन काहीतरी घेऊन यायचा, आणि मग टेप ब्लेडने कापून मध्ये नवा तुकडा जोडायचा.

यातली गोम लक्षात घ्या. गाठोडं एकदा बांधलं की त्यातला एक शर्ट परत वेगळा काढता येत नाही. अमुक आवाज थोडा मोठा झाला, तमुक थोडा बेसूर लागला, हे बाउन्स करण्याआधीच ठरवायला लागायचं. नंतर 'अनडू' नाही. आज आपल्या साध्या लॅपटॉपवर शेकडो ट्रॅक मिळतात आणि कुठलीही गोष्ट मागे नेता येते. म्हणून आपण निर्णय पुढे ढकलत राहतो. त्यांना ढकलता येत नव्हता.

आठव्या पिढीची टेप

बाउन्स करण्याची किंमत काय? टेपला स्वतःचा एक 'हिस्स' आवाज असतो. एका टेपवरून दुसरीवर कॉपी केली की जुन्या टेपचा हिस्स येतो आणि नव्याचा त्यात मिसळतो. दोन्ही आवाज एकमेकांशी संबंध नसलेले, त्यामुळे त्यांची पॉवर सरळ बेरजेने वाढते. दुसऱ्या पिढीला नॉइजची पॉवर दुप्पट, म्हणजे ३ डेसिबल जास्त. चौथ्या पिढीला ६. आठव्या पिढीला ९ डेसिबल. हा अगदी ढोबळ हिशोब झाला. प्रत्यक्षात अनेक ट्रॅकचे हिस्स एकत्र होतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सी हळूहळू मरतात, ते वेगळंच. या गाण्यातले काही तुकडे आठव्या पिढीपर्यंत गेले होते असं सांगतात. त्यात टेप पुन्हा पुन्हा हेडवरून फिरवली की तिच्यावरचा ऑक्साइडचा लेप झिजतो. ही टेप उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागली होती, असं बँडवाल्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. म्हणजे अजून थोडे दिवस काम चाललं असतं, तर गाणंच पुसलं गेलं असतं.

मग इतके थर चढवायचे तरी कशाला? आवाज एकदाच रेकॉर्ड करून तीच कॉपी नऊ वेळा लावली तर? नाही चालत. नऊ हुबेहूब कॉप्या एकत्र केल्या तर मिळतो तोच आवाज, फक्त मोठा. पण माणूस नऊ वेळा गायला तर प्रत्येक वेळी स्वर आणि वेळ किंचित हलते. एक आवाज ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४२ वर असेल, तर सेकंदाला दोन वेळा आवाज उमलतो आणि मिटतो. फिजिक्समध्ये याला बीट्स म्हणतात. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारांमध्ये एक केसभर फरक असला की जी लहर येते, तीच ही. असे पुष्कळ छोटे फरक एकत्र आले की कान म्हणतो, इथे माणसांचा जमाव आहे. ज्यांनी कॉन्व्हेंट शाळेच्या कॉयरमध्ये उभं राहून गायलंय त्यांना हे अंगानेच माहीत असतं. सगळे अगदी एकसारखे गायले तर कॉयर बारीक वाटतो, थोडं मागेपुढे असलं की भरतो.

आणि आता एक गुपित. गाणं सुरू होताना जो चौघांचा कोरस वाटतो, तो एकट्या फ्रेडीचा आवाज आहे, एकावर एक चढवलेला. व्हिडिओत अंधारातून चार चेहरे दिसतात म्हणून आपली फसगत होते.

"फार लांब आहे"

१९७५ मध्ये क्वीनची परिस्थिती काही भक्कम नव्हती. तीन अल्बम येऊन गेले होते, नाव झालं होतं, पण जुन्या मॅनेजमेंटशी वाद होऊन खिसे रिकामे होते. त्यात हा नवा अल्बम, 'अ नाइट अॅट द ऑपेरा', त्या काळातल्या सर्वात खर्चिक अल्बमांपैकी एक ठरला. तो पडला असता तर बँड बहुतेक मोडलाच असता. अशा वेळी शहाणा माणूस तीन मिनिटांचं सोपं गाणं पुढे करेल. रेकॉर्ड कंपनीचंही तेच म्हणणं होतं. रेडिओवर सहा मिनिटांचं गाणं कोण वाजवणार? कापा.

बँडने कापलं नाही. केनी एव्हरेट नावाच्या रेडिओ निवेदकाला त्यांनी त्याची कॉपी दिली. त्याने कॅपिटल रेडिओवर एका शनिवार-रविवारमध्ये ते चौदा वेळा लावलं असं सांगतात. लोक दुकानात जाऊन विचारायला लागले. ३१ ऑक्टोबर १९७५ ला गाणं बाजारात आलं, नोव्हेंबरच्या शेवटी ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं आणि नऊ आठवडे तिथेच बसलं.

टीव्हीवर गाण्याचं काय करायचं हा दुसरा प्रश्न. बँड दौऱ्यावर होता, आणि ऑपेराच्या भागावर नुसते ओठ हलवणं बरं दिसलं नसतं. म्हणून १० नोव्हेंबर १९७५ ला एल्स्ट्री स्टुडिओत दिग्दर्शक ब्रूस गोवर्सने सुमारे चार तासांत व्हिडिओ शूट केला. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे दिसतात ते कॅमेऱ्यापुढे लावलेल्या पैलूदार काचेमुळे. चेहरे मागे मागे पळत जातात ते कॅमेरा मॉनिटरवरच रोखल्यामुळे. म्हणजे फीडबॅक! कंट्रोल सिस्टिम्समध्ये ज्याच्या ब्लॉक डायग्रामला आपण वैतागतो, तेच इथे चित्र होऊन नाचतं.

आणि हे सगळं स्टेजवर कसं करायचं? ऑपेराचे ते थर तिघांना प्रत्यक्ष गाणं शक्यच नव्हतं. त्यांनी त्याचं सोंग आणलं नाही. संथ भाग स्वतः वाजवायचे, मग दिवे घालवून स्टेज सोडून जायचे, ऑपेराची टेप लावायची आणि रॉकचा भाग सुरू होताच धडाक्यात परत यायचे. १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड'मध्ये फ्रेडी पियानोवर बसून याच गाण्याने सुरुवात करतो, पण फक्त संथ भाग वाजवतो, ऑपेरा येण्याआधी थांबतो.

२४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला. वय अवघं ४५. एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने. आपण आजारी आहोत हे त्याने जगाला फक्त एक दिवस आधी सांगितलं. त्यानंतर हे गाणं पुन्हा प्रसिद्ध झालं आणि ब्रिटनमध्ये पुन्हा पहिलं आलं. १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' सिनेमात गाडीत बसून माना हलवणाऱ्या पोरांमुळे अमेरिकेत ते दुसऱ्या नंबरपर्यंत पोचलं, जिथे १९७६ मध्ये नववंच राहिलं होतं. २०१८ मध्ये याच नावाचा सिनेमा आला आणि रामी मलेकला ऑस्कर मिळालं. २०१९ मध्ये यूट्यूबवर या व्हिडिओचे शंभर कोटी व्ह्यूज झाले.

रफ वर्क

२०२३ मध्ये लंडनला फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात या गाण्याची हाताने लिहिलेली कच्ची पानं होती. ती एका विमान कंपनीच्या स्टेशनरीवर लिहिलेली होती, आणि वरती आधी 'मंगोलियन रॅप्सडी' असं लिहून 'मंगोलियन' खोडलेलं होतं. मला लिलावातल्या कोट्यवधींच्या आकड्यापेक्षा ती खोडाखोड जास्त आवडली. आपण पेपरात रफ वर्कच्या पानावर काट मारून ठेवतो, ते कोणी बघू नये म्हणून. पण काम झालेलं असतं तिथेच.

'गाणीबिणी सोडा आता, प्लेसमेंट जवळ आली' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलंय. खिडकीतून समोर आयटी पार्कच्या काचा दिसत असताना ते खोटंही वाटत नाही. या चौघांची गोष्ट 'डिग्री सोडा आणि बँड काढा' असं सांगते का? मला नाही वाटत. डीकनने डिग्री पूर्ण केली आणि ती बँडमध्ये वापरली. ब्रायनने १९७४ मध्ये पीएचडी अर्धवट सोडली, पण सौरमालेतल्या धुळीवरचा तो अभ्यास पुन्हा हाती घेऊन २००७ मध्ये इंपीरियल कॉलेजातून पूर्ण केला. तेहतीस वर्षांनी टर्मवर्क सबमिट! (रेक्टर सर, बॅकलॉगवाल्यांना जरा धीर येऊ द्या.) फ्रेडीने ग्राफिक डिझाइन शिकून बँडचं बोधचिन्ह काढलं, आणि पाचगणीत शिकलेला पियानो तर शेवटपर्यंत सोडला नाही. शिकलेलं कोणी टाकून दिलं नाही, आणि आवडीचंही कोणी टाकून दिलं नाही. ही दोन्ही एकाच टेपवर बसवायची असतात. ट्रॅक कमी पडणारच. मग बसून बाउन्स करायचं.

प्रॅक्टिकल

लेख वाचून सोडून देऊ नका, जर्नलसारखं करून बघा.

उद्देश: 'बोहेमियन रॅप्सडी'ची रचना कानाने तपासणे.

साहित्य: दोन्ही कान चालू असलेला हेडफोन (एक कान बंद पडलेला चालणार नाही), घड्याळ, कागद, पेन्सिल. खोली शांत असावी, म्हणजे बहुतेक रात्री दोननंतर.

कृती: गाणं पाच वेळा ऐका. पहिल्या वेळी काहीच करू नका, नुसतं ऐका. दुसऱ्या वेळी वरचे सहा भाग कागदावर मांडा आणि सांधे कुठे लागतात ते टिपा. विशेषतः ३:०३ ला गिटार थांबते आणि पियानोवर एकच स्वरसमूह टिकटिक वाजायला लागतो, तिकडे लक्ष द्या. तिसऱ्या वेळी फक्त बास ऐका, डीकनसाठी. चौथ्या वेळी सुरुवातीच्या भागात आवाज डाव्या कानातून उजव्या कानात कधी जातो ते पकडा, आणि ऑपेराच्या भागात किती माणसं गातायत असं वाटतं तो आकडा लिहा. मग आठवा की गाणारे तिघेच होते. पाचव्या वेळी शेवटचं मिनिट डोळे मिटून ऐका.

निरीक्षण: प्रत्येकाचं वेगळं येईल. कॉपी करू नये, सापडते.

निष्कर्ष: ही जागा मी मोकळी सोडते. गाणं संपताना तो एक ठोका वाजून विरत जातो, त्यानंतरच्या शांततेत जे सुचेल ते इथे लिहा.